दरीवरून मारलेली हाक

प्रिय शकू,

गेलेल्या माणसाला पत्र लिहिणं हा शुद्ध वेडेपणा आहे, हे मला कळतं. तू होतीस तेव्हा मी महिन्याला एक कार्ड टाकायची, तेही चार ओळींचं. "ताईचं कार्ड म्हणजे शाळेची नोटीस," असं तू म्हणायचीस. आजची नोटीस लांबणार आहे. आज सकाळी मला एका कागदावर सही करायची आहे, किंवा करायची नाही, आणि त्याआधी ज्या बाईला विचारायला हवं ती तू आहेस.

तुझी मंदा काल संध्याकाळी अकोल्याहून परत आली. बडनेऱ्याला गाडी बदलताना रडून घेतलं असावं, कारण माझ्या दारात उभी राहिली ती कोरड्या डोळ्यांनी. "बाबा नाही म्हणाले," एवढंच बोलली आणि सरळ नळावर पाय धुवायला गेली.

गोष्ट अशी आहे. तिच्या कॉलेजातून दोन मुली गिर्यारोहणाच्या वर्गाला निवडल्या आहेत. वर्ग हिमालयात, महिनाभराचा. कमरेला दोर बांधून खडक चढायचे, दोराला लटकून नदी ओलांडायची. त्या दोघींतली एक मंदा! ती अमरावतीत माझ्याकडे राहून शिकते, म्हणून कॉलेजात पालकाच्या जागी माझं नाव आहे आणि माझी सही चालते. पण तुझ्या यजमानांनी बजावलंय, की ही गेली तर कॉलेज बंद, आणि तिवशाच्या स्थळाला होकार. सही केली तर पोरीचं शिक्षण पणाला लागतं. नाही केली तर पोरच.

आणि नकाराचं कारण काय दिलं असेल? तू!

"तुझी आई एकदा दोरावर बसली होती. मधेच घाबरून किंचाळायला लागली. मी ओढून घेतली म्हणून वाचली. तू तिचीच मुलगी." हे शब्द त्यांनी मंदाला ऐकवले. नवे नाहीत ते. तुझ्या तेराव्याच्या जेवणानंतर, सुपारी कातरता कातरता, हीच कथा त्यांनी मंडळींना सांगितली होती. मंडळींनी माना डोलावल्या. एक गृहस्थ म्हणाले, "तुम्ही होता म्हणून!" आणि तुझे वकीलसाहेब नम्रपणे खाली पाहत राहिले. नम्रपणे! मी हातातलं ताट खाली ठेवलं आणि निघून आले. तेराव्याला आलेल्या माणसांसमोर तमाशा नको, असं वाटलं. आता वाटतं, तमाशासाठी त्याहून चांगली मंडळी मला कुठे मिळणार होती?

तेव्हा निदान कागदावर तरी खरं काय ते मांडू. कोर्टात मी कधी उभी राहिले नाही, पण साक्ष द्यायला लागणारे दोन डोळे मला आहेत.

नवे पैसे निघाले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. तुझ्या सासरची मंडळी चिखलदऱ्याला चालली होती आणि तू हट्ट करून मलाही बरोबर घेतलंस. घराण्याची पहिलीच सहल! कसली सहल? अकोल्याचा स्वयंपाकघर-संसार मोटारीवर चढवून डोंगरावर नेला, एवढंच. स्टो, पाटा, लोणच्याची बरणी, सगळं होतं. पुरुषमंडळी सकाळी "जरा हवा खाऊन येतो" म्हणत आणि तुम्ही दोघी जावा त्यांच्यासाठी भाकरी थापत. थंड हवा खाल्ली ती त्यांनी. तुमच्या वाट्याला धूर.

वकीलसाहेब डोक्यावर हॅट घालून हिंडत. दरी दिसली की थांबत, छाती भरून श्वास घेत आणि निसर्गाविषयी एक वाक्य बोलत. ते ऐकायला आपण सगळ्यांनी थांबायचं. तू थांबायचीस. मी चालत राहायची.

रविवारी आपण सगळे त्या नाल्यावर गेलो. नाला म्हणायचा, पण खाली वाकून पाहिलं तर तळाचे दगड खड्यांएवढे दिसत. पलीकडे कुठल्याशा सरकारी बंगल्याचं बांधकाम चाललं होतं. विटा-सिमेंट नेण्यासाठी या काठावरून त्या काठापर्यंत जाड तारेचा दोर ताणलेला. त्यावर लोखंडी कप्पी, आणि कप्पीखाली चार दोरांनी टांगलेला एक लाकडी पाट. आपला काठ उंच, त्यामुळे पाट सोडला की आपल्याच वजनानं सुसाट खाली जायचा. मधला झोल ओलांडल्यावर शेवटचा चढ मात्र पलीकडच्या माणसानं ओढून घ्यायचा. त्यासाठी पाटाला पुढून एक दोर, आणि परत आणण्यासाठी मागून एक.

सुट्टीचा दिवस म्हणून काम बंद होतं आणि मुकादम हौशी लोकांना पाटावर बसवत होता. वकीलसाहेब पहिले. हॅट रुमालानं हनुवटीखाली बांधली, डोळे गच्च मिटले आणि गेले. पलीकडे पोचल्यावर डोळे उघडून हात असे हलवले की जणू केस जिंकली!

आणि मग तू म्हणालीस, "मी बसते."

कुणी काही बोलायच्या आत तू पदर कमरेला खोचलासुद्धा. सासूबाईंनी तोंड उघडलं तोच पलीकडून आवाज आला, "बसू द्या तिला! मी ओढतो!" त्यांना ओढून घेणाऱ्या गड्याला त्यांनी जेवायला पिटाळलं होतं. काठावर नागपूरचं एक सुधारक दिसणारं कुटुंब उभं होतं ना, त्यांच्या बायकाही बसणार होत्या. मग अकोल्याचे वकील मागे कसे राहतील? तुझी ती हौस त्यांच्या पुढारलेपणाची जाहिरात होती. तुला ते कळलं नाही. तू हरखली होतीस.

मुकादमाच्या गालात तंबाखू होती, पण सूचना त्यानं स्पष्ट दिली. मी शेजारीच उभी होते.

"बाई, नीट आयका. ज्यानं दोर ओढाचा, त्याचं नाव घेऊन आवाज द्या. नुसतं ओ-आ करसान तं दोन्हीकून ओढतीन आन् पाट पलटी खाईन. समजलं?"

"समजलं," तू म्हणालीस.

"पलीकडे कोन हाय?"

तू गप्प! लग्नाला इतकी वर्षं झालेली बाई, आणि पलीकडे कोण आहे ते सांगता येईना. तू माझ्याकडे पाहिलंस. मी सांगितलं, "यशवंतराव." मुकादम हसला आणि म्हणाला, "आता हे तुमाले म्हनता आलं पायजे, ताईले नाही." जाऊबाई मागून म्हणाल्या, "आमच्यात नाही घेत बा नाव." जसं काही पाटाला, कप्पीला, दरीला तुमच्यात काय चालतं ते ठाऊकच होतं!

मुकादमानं पाट सोडला. शकू, तू गेलीस ते मला अजून दिसतं. डोळे उघडे होते तुझे! अंबाडा सुटला, वेणी मागे उडाली, आणि तू हसत होतीस. लहानपणी झोक्यावर हसायचीस तशी नाही, मोठ्यानं, बाईसारखी. तुझं तसलं हसणं मी लग्नानंतर कधी ऐकलं नव्हतं.

पण तू अंगानं काडीसारखी. वकीलसाहेबांचं वजन चढाच्या अर्ध्यावर गेलं होतं, तू मधल्या झोलातच थांबलीस. खाली दगड, वर तार. आता हाक मारायची.

तू काय ओरडलीस? "अहो! ओढा!"

त्या "अहो"वर कुणी हलावं? नागपूरच्या गृहस्थांनीसुद्धा चमकून मागे पाहिलं! मुकादमाला वाटलं, बाई भ्यायल्या, मला परत ओढायला सांगतात. ज्यानं नियम सांगितला त्यानंच तो मोडला आणि मागचा दोर ओढला. पलीकडून यशवंतरावांनी पुढचा ओढला. पाट कलला. एक बाजू वर, एक बाजू खाली, आणि तू दोन हातांनी दोराला लोंबकळलेली, एक पाय हवेत.

मी ओरडले असेन. आठवत नाही. तुझा आवाज मात्र आठवतो. स्वच्छ, खणखणीत, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा.

"यशवंत! दोर सोड!"

नुसतं नाव नाही. यशवंतराव नाही. सोडा नाही. सोड!

त्यांनी सोडला. समजून सोडला असं त्यांचा शत्रूही म्हणणार नाही. धक्क्यानं हात उघडला. पण उघडला, आणि पाट सरळ झाला. तुझा जीव वाचला तो त्या हाकेनं, म्हणजे तुझा तूच वाचवलास. हे मी लिहून ठेवते.

आणि आपल्या काठावर काय चाललं होतं? तुझ्या सासूबाई कपाळावर हात मारून खाली बसल्या होत्या. मला वाटलं सुनेच्या काळजीनं!

"नाव घेतलं वो तिनं! माह्या पोराले अरेतुरे करून राहिली! साऱ्या लोकाईत!"

सून दरीवर लटकते आहे आणि हिवरखेडच्या या बाईला मुलाचं नाव उघड्यावर पडल्याचं दुःख! जाऊबाईंनी त्यावर तोंडाला पदर लावून म्हणावं, "घ्याचंच होतं तं उखाना तरी जोडाचा!" आणि दोन बायका हसल्या. हसल्या, शकू! मी मागे वळून पाहिलं तेव्हा थांबल्या. मास्तरीण ना मी, माझ्याकडे पाहून वर्ग गप्प होतो, त्याचा तेवढाच एक उपयोग झाला.

तू पुन्हा हाक दिलीस. या वेळी शांतपणे, "यशवंत, आता ओढ. तू एकटाच ओढ."

काय केलं त्यांनी? ओढून घेतलं ना, त्यांच्या कथेप्रमाणे?

दोर त्यांच्या पायाशी पडला होता. त्यांनी तो उचलला नाही. हात पाठीमागे बांधले आणि तोंड फिरवून उभे राहिले. मुकादम इकडून ओरडला, "ओ वकीलसाहेब, दोर धरा! बाई लटकून राहिल्या!" तर म्हणतात, "तिला परत घ्या." पार्सल चुकीच्या पत्त्यावर आलं असावं तसं! दोर उचलला असता तर हाकेला ओ दिल्यासारखं झालं असतं. लोकांसमोर बायकोनं नाव घेऊन बोलावलं आणि नवरा आला, असं झालं असतं. त्यापेक्षा बायको दरीवर राहिलेली बरी.

मी पुष्कळ भित्री माणसं पाहिली आहेत. भीतीचा मला राग येत नाही. पण हे भ्याले नव्हते, रुसले होते! दरीच्या काठावर, हॅट घालून, रुसले होते!

मुकादमानं तुला परत ओढलं. आणि आता, शकू, ते सांगते जे तुझ्या घरात कुणालाच आठवत नाही, मला मात्र आठवतं. पाट काठाला लागला. मी हात पुढे केला. तू उतरली नाहीस. केस बांधलेस, नीट बसलीस आणि मुकादमाला म्हणालीस, "पलीकडे तुमचा माणूस पाठवा. मला पुन्हा सोडा."

पुन्हा! मुकादम तंबाखू थुंकायचा विसरला. सासूबाईंनी उठून तुझा दंड धरला आणि खेचून उतरवलं. त्यांच्या हाताला इतकं बळ आहे हे मला तेव्हाच कळलं.

इथपर्यंत मला तुझा अभिमान आहे. इथून पुढे तुझ्यावर रागावायचं आहे. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावणार.

वकीलसाहेब पायवाटेनं वळसा घालून दिवे लागायच्या सुमारास आले. जेवले नाहीत. बोलले नाहीत. आईमार्फत निरोप दिला, की बायको माफी मागेपर्यंत मी अन्नाला शिवणार नाही. आणि तू गेलीस! गेलीस आणि त्यांच्या पायावर डोकं ठेवलंस! "चुकलं," म्हणालीस. काय चुकलं होतं तुझं? ज्या माणसानं तुला वाऱ्यावर सोडलं त्याला जेवायला बसवण्यासाठी तू त्याचे पाय धरलेस. आणि तो जेवला! दोनदा भाजी घेतली!

मी तुला विचारलं, का? तू भांडी घासत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "ताई, तू परवा अमरावतीला जाशील. मला अकोल्यात राहायचंय."

लढाईआधी बी.ए. झालेली बाई मी, मला उत्तर सुचलं नाही. आजही सुचत नाही. पण उत्तर सुचलं नाही म्हणजे पटलं असं नाही. मला ते तेव्हा पटलं नाही, आज पटत नाही.

कारण माफी एकदा मागून संपली का? पुढे तुमची एकही सहल निघाली नाही. "हिला नेलं की शोभा होते." हळदीकुंकवाला बायका तुला नाव घ्यायचा आग्रह करत आणि एकमेकींना कोपरं मारत. "शकूबाई, तसं नको हं, हळू घ्या!" तू हसून घ्यायचीस. सुपारी, विडा, गुलाबाचं फूल, यशवंतराव. दर वर्षी. हळूहळू तुलाही वाटायला लागलं का गं, की तू किंचाळलीस? शेवटी शेवटी तू मंदाला काय सांगितलं होतंस? "मी फार भ्याले होते" असं? तिला तसंच वाटत होतं!

तेराव्याला सगळ्यांनी तुझं एकच कौतुक केलं. किती सोशिक! हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. पायाखालच्या पायरीला कुणी सोशिक म्हणत नाही, पण बाईला म्हणतात आणि वर बक्षीस दिल्यासारखं तोंड करतात.

काल रात्रीची भांडी आवरल्यावर मी मंदाला सगळं सांगितलं. नालाही, पाटही, हाकही. ती भिंतीला टेकून ऐकत होती. बापाविषयी बोलले तेव्हा चेहरा हलला नाही. तिला बाप ठाऊक आहे. "पुन्हा सोडा"पाशी आले आणि ती ताठ बसली.

"आई म्हणाली? आपली आई?"

"तुझीच."

"आणि मावशी, तू तिथं होतीस?"

"हात पुढे करून उभी होते. तिनं धरला नाही."

मग ती हसायला लागली. हसता हसता तोंड झाकून रडायला लागली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला नाही. तसले प्रकार मला जमत नाहीत, ते तुझं खातं. मी कंदील कमी केला.

थोड्या वेळानं म्हणाली, "मावशी, मी घाबरेन गं तिथे."

"घाबरशीलच. मूर्ख थोडीच आहेस."

"आणि बाबांनी खरंच कॉलेज बंद केलं तर?"

पोरीनं नेमकं बोट ठेवलं. म्हणूनच मी रात्रभर विचार केला आणि आता पहाटे तुला लिहिते आहे. यशवंतराव बोलतील तसं करतील. रुसण्याच्या बाबतीत ते शब्दाला पक्के आहेत. तिवशाच्या स्थळाला होकार जाईल. मुलाकडच्यांचा तंबाखूचा धंदा आहे आणि मुलाला दोन वाक्यं सलग बोलता येत नाहीत. मंदाच्या जन्माचा प्रश्न आहे. मी चुकले तर भोगायचं तिनं.

पण शकू, नाही म्हटलं तर ती काय शिकेल? आधी परवानगी मागायची आणि मिळाली नाही की हात जोडायचे, हेच ना? ते अकोल्यात फुकट शिकवतात. त्याला कॉलेज कशाला हवं?

मी सही करते. लिहिता लिहिता ठरलं. तुला विचारते असं वर लिहिलं खरं, पण तुझं उत्तर मला माहीत आहे. पाटावरून खेचून उतरवावं लागलेल्या त्या बाईचं उत्तर. रात्री पाय धरणाऱ्या बाईला मी विचारतच नाही.

आता माझा शब्द ऐक. मंदाची फी, तिचं जेवण, तिचं शिक्षण संपेपर्यंतचं सगळं माझ्याकडे. वकीलसाहेबांनी तिच्यासाठी दार बंद केलं तर तिला या घरात चावी मागावी लागणार नाही, तिची वेगळी करून दिली आहे. तिवशाची मंडळी इथे मुलगी पाहायला आली तर मी स्वतः चहा देईन आणि स्वतःच त्यांना फाटकापर्यंत पोचवीन. आणि ती पोर हिमालयातून हात मोडून आली, नाक फोडून आली, अर्ध्यातून पळून आली तरी, माझ्या देखत ती कुणाच्या पाया पडून "चुकलं" म्हणणार नाही. माझ्यासुद्धा नाही.

एवढं मी तुला वचन देते. तेव्हा स्वतःसाठी ते मागायचं तुला सुचलं नव्हतं.

मंदा उठली आहे. आत चूल फुंकण्याचा आवाज येतो आहे. चहा झाला की आम्ही दोघी चालत कॉलेजात जाऊ.

तुझ्यावर अजून रागावलेली,
तुझी ताई